शेवटच्या गाडीचा माणूस

दस्तगीर, तुला माती देऊन परत येताना मी तिकटीवर तुझ्यासाठी थांबलो होतो.

मुद्दाम नाही, सवयीनं. कबरस्तानातून निघताना कुणी काही ठरवलं नव्हतं, तरी आम्ही सगळे मोटारसायकलींवर आपोआप सहलीच्या ओळीत लागलो. पुढं सर्जेराव, मग बाकीचे, मग नाना पेंटर, मग मी. माझ्या मागं तू. तिकटी आली, नाना वळला, आणि मी गाडी कडेला घेऊन पाय टेकला. आपला नियमच तो. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. मी आरशात बघत उभा राहिलो. आरशात एक टांगा आला, सायकलवाले आले, डोक्यावर भारा घेतलेली एक बाई आली. मी येईना म्हणून नाना पुढच्या वळणावर थांबला. नाना येईना म्हणून त्याच्या पुढचा थांबला. असं करत करत मंगळवार पेठेपर्यंत सगळी ओळ थांबली.

शेवटी सर्जेराव गाडी वळवून मागं आला. तुला त्याचा आवाज माहीत आहे. लांबूनच ओरडत आला, "आरं काय झालं गाडीला? कुणाची वाट बघा..." आणि तिथंच त्याचं तोंड मिटलं. माझ्या शेजारी गाडी लावून तोही उभा राहिला, मागच्या रस्त्याकडं बघत. जरा वेळानं म्हणाला, "चल." मग आम्ही गेलो.

मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. बायको मला जेवताना न्याहाळते, पण मी व्यवस्थित जेवतो. छापखान्यात जातो, लग्नपत्रिकांची प्रुफं तपासतो, उधारीवाल्यांवर ओरडतो. दिवसभर गाडी चालवून आल्यावर तळहात बधिर होतात ना, चहाचा कप धरला तरी गरम लागत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालंय. तेव्हा तू म्हणायचास, हात मांडीवर उलटे ठेव, येतील जाग्यावर. हात येत होते.

लोक म्हणाले, तुझा छापखाना आहे, मित्रासाठी श्रद्धांजलीचं पत्रक तरी काढ. काढायला घेतलं. जुळाऱ्यानं तुझं नाव जुळवून माझ्यासमोर ठेवलं. जन्म कुठला, वडील कोण, कुशनचा धंदा केव्हा सुरू केला, मागं कोण कोण आहे. उलट्या खिळ्यांत ते सगळं वाचताना वाटलं, हा कुणी दुसराच माणूस आहे. मी त्याला म्हटलं, सोडून टाक. त्यानं खिळे परत आपापल्या खणांत टाकले. ते पत्रक राहिलं ते राहिलंच. त्याऐवजी हे लिहितोय, आणि हे छापायचं की नाही ते माहीत नाही.

तुझ्या दुकानात आपण किती संध्याकाळी काढल्या असतील. दिवाळी झाली, पाऊस पुरता आटपला, की सर्जेराव उसाच्या पाण्याची पाळी नाहीतर दुधाचे हंडे कुणाच्या तरी गळ्यात घालून पेठेत यायचा आणि दारातूनच विचारायचा, "औंदा कुठं?" मग अर्धवट उसवलेल्या सोफ्यांवर आपण बसायचो. कुणाच्या पाठीला स्प्रिंग टोचायची, कुणाच्या धोतराला काथ्या चिकटायचा. आतल्या खोलीतून भाभींच्या शिलाई मशीनचा आवाज यायचा, तो थांबला की समजायचं, चहा आला. रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनच्या वासात तो चहा प्यायचा. त्या वासाशिवाय मला अजून सहल ठरल्यासारखी वाटत नाही.

नकाशा तू काढायचास. कापायच्या टेबलावर काळं रेक्झिन पसरायचं आणि त्यावर पांढऱ्या खडूनं रस्ते ओढायचे. गगनबावड्याचा घाट, गारगोटीच्या पुढची चढण, दाजीपूरच्या रानातली जंगलखात्याची कच्ची वाट. जिथं पाणी तिथं गोल, जिथं फाटा तिथं फुली. रात्री नकाशा पक्का व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच रेक्झिन कापून तू कुणाची तरी सीट शिवायचास, कारण रेक्झिन फुकट येत नाही. नाना एकदा म्हणाला होता की आपल्या सगळ्या सहलींचे नकाशे गावातल्या कुणाच्या ना कुणाच्या बुडाखाली आहेत. तू हसून सुई चावली होतीस.

पहिली सहल कोयनेच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यातली. तेव्हा नियम वगैरे काही नव्हता. ज्याची गाडी जोरात तो पुढं. माझी सगळ्यांत मवाळ, म्हणून मी शेवटी. गगनबावड्याच्या अलीकडं सकाळी धुकं असं उतरलं की पुढचं चाक दिसेना. मी मोरीच्या कडेनं चरात गेलो आणि गाडी पायावर पडली. दुखलं, पण दुखण्याचं मला फारसं आठवत नाही. तुम्हा सगळ्यांच्या गाड्यांचा आवाज लांब लांब जात होता, तो आठवतो. एकेक आवाज वळणाआड जायचा आणि कमी व्हायचा. शेवटचा आवाजही गेला तेव्हा मी ओरडायचं बंद केलं. माझ्या आयुष्यात एवढा एकटा मी कधी पडलो नव्हतो.

तुम्ही सगळे वर चहा पीत होता. तुलाच तेवढं वाटलं की एक कप उरलाय. परत आलास, चरात उतरलास, आणि माझ्याकडं न बघता आधी गाडी तपासलीस. म्हणालास, "गाडीला काय झालं न्हाय. तुला?" मग मला पाठीवर घालून वर आणलंस. त्या चहाच्या टपरीवरच नियम ठरला. फाट्यावर मागचा दिसल्याशिवाय पुढं जायचं नाही, आणि सगळ्यांत शेवटी तू. कुणी तुला विचारलं नव्हतं. तू म्हणालास, "मी ऱ्हातो मागं," आणि भज्यांची बशी पुढं ओढलीस.

त्यानंतर नऊ वर्षं तू शेवटी. तुझ्या त्या काळ्या जड गाडीला सर्जेरावानं म्हैस नाव ठेवलं, दूध देत न्हाय एवढंच म्हणाला. म्हशीचा आरसा तू काढून टाकलास. "मागं कोण न्हाय, बघायचं कशाला?" पण दिवा मात्र दिवसाढवळ्या लावून ठेवायचास. बॅटरी खलास होईल म्हणून सगळे तुला हसायचे. कशासाठी लावतोस, ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मला माहीत होतं. माझ्या आरशात तो पिवळा ठिपका दिसत राहावा म्हणून. तो दिसला की माझा हात आपोआप सैल पडायचा. नऊ वर्षं मी त्या ठिपक्याच्या भरवशावर घाट उतरलो, आणि एकदाही तुला तसं म्हणालो नाही. मित्राचे कुणी आभार मानतं का? उलट तू उशिरा आलास की मीच फाट्यावरून ओरडायचो, "आला का रं, का झोपला हुतास?" तू बोलायचा नाहीस. लांबून फक्त डावा हात वर करायचास. हात वर केलास म्हणजे सगळं ठीक आहे, चल पुढं.

एका वर्षी सहल रमजानात आली. आम्ही म्हटलं पुढं ढकलू. तू ऐकेनास. "रोजा माझा हाय, म्हशीचा न्हाय." दिवसभर आमची धूळ खाल्लीस आणि घोटभर पाणी प्यायला नाहीस. नानाची चेन तुटली ती भर दुपारी, तीसुद्धा उन्हात बसून तूच जोडलीस. संध्याकाळी दाजीपूरच्या रानातल्या एका वाडीवर सर्जेराव घड्याळ धरून तुझ्यासमोर बसला होता. सूर्य डोंगराआड गेला तसा घाईनं खजूर तुझ्या तोंडापाशी धरून म्हणाला, "घे की आता, माझाच जीव चाललाय." त्या दिवशी त्यानंही दिवसभर काही खाल्लं नव्हतं, हे आम्हाला घरी आल्यावर त्याच्या बायकोकडून कळलं. तुला कळलं होतं का, कोण जाणे.

आता भांडणाचं बोलतो.

शेवटी राहणाऱ्याला गवा दिसत नाही. ही गोष्ट नऊ वर्षं आमच्या कुणाच्या डोक्यात आली नाही. रानात शिरताना पुढचा निघाला की त्याची धूळ बसेपर्यंत दुसऱ्यानं जंगलखात्याच्या फाटकाशी थांबायचं, मग दुसऱ्याची धूळ बसेपर्यंत तिसऱ्यानं. तुझी पाळी येईपर्यंत पाच-सहा गाड्यांनी रान उठवलेलं असायचं. सर्जेरावाला दर वर्षी गवा दिसायचा. मग रात्री जाळापाशी तो हात पसरून सांगायचा, "असा आडवा हुबा. पायात धुतलेलं पांढरं मोजं घातल्यागत. माझ्याकडं बघितलंन आणि शेट माणसासारखा सावकाश आत गेला." मला दोनदा दिसला, नानाला एकदा, तोही पाठमोरा. तुला शेण दिसायचं. तू खाली वाकून बघायचास आणि म्हणायचास, "ताजं हाय. म्हंजे हुता." आम्ही पोट धरून हसायचो. तूही हसायचास, म्हणून आम्हाला काही वाटलं नाही.

यंदा गारगोटीवरून वर चढून, आतल्या लाकूडवाटेनं दाजीपूरच्या रानात शिरायचं आणि गगनबावड्यावरून परत यायचं, असं तू रेक्झिनवर काढलंस. मी डांबरी रस्त्यानं जाऊ म्हणत होतो. मी दर वर्षी तसंच म्हणतो आणि दर वर्षी कुणी ऐकत नाही. मग तू फाटकाच्या फुलीवर खडू टेकवून म्हणालास, "औंदा मी पुढं."

सर्जेराव म्हणाला, "आणि मी?"

"तू दोन नंबरला. इष्णू शेवटी."

मी म्हटलं, "मला जमायचं न्हाय."

"का?"

"का म्हंजे? तुला ठावं हाय का ते."

"त्याला लई वर्सं झाली. तो चर सुदिक बुजला असंल."

"आणि कुणाची गाडी बिघडली तर? मला प्लगच्या पुढं काय कळतंय?"

"दर खेपंला प्लगच बिघडतोय."

नाना हसला. मला राग आला. मी म्हटलं, "तू पुढं गेलास तर मागं बघणार कोण?"

"तू बघणार. मी बघतो तसं." मग तू खडू खाली ठेवलास. "आरं, इतकी वर्सं तुमची धूळ खाल्ली. गव्याचं शेण तेवढं बघितलं. एकदा गवा बघू दे की."

मी म्हटलं, "गवाच बघायचा असंल तर सर्कशीत जा."

तू हसला नाहीस. खडू खिशात टाकलास आणि म्हणालास, "बघू." भाभींचं मशीन आत चालू होतं. तेवढ्यावर ती बैठक उठली.

त्यानंतर आपण भेटलोच की. रोज भेटलो. तुझं दुकान आणि माझा छापखाना यांच्यात एक भिंत. पावाच्या भावावरून बोललो, नगरपालिकेच्या गटारीवरून बोललो, तुझ्या धाकटीच्या शाळेवरून बोललो. सहलीचं नाव कुणीच काढलं नाही. मी मनात ठरवलं होतं की आता तूच काढशील, आणि तू काढलंस की मी जरा ताणून धरीन. मग एक दिवस दुपारी भाभींचं मशीन मध्येच थांबलं आणि चहा आला नाही. भाभींची हाक आली. मी भिंतीपलीकडून धावत आलो तेव्हा तू टेबलावर डोकं टेकून बसला होतास, बोटात अंगुस्तान तसंच. रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू काही बोलला नाहीस. लोक विचारतात, शेवटी काही म्हणाला का? नाही म्हणाला.

समाचाराला आलेला तुझ्या गिऱ्हाइकांतला एक मला म्हणाला, "चांगला माणूस, पण पुढं गेला." मी त्याच्यावर खेकसलो. तो बिचारा घाबरून उठून गेला. त्याला काय ठाऊक, आपलं भांडण कशावर होतं ते.

आणि तुला खरं सांगू का? मला अजूनही वाटतं, माझं बरोबर होतं. घाटात शेवटी तुझ्यासारखा माणूस पाहिजे. जो बिघाड आवाजावरून ओळखतो, जो चिडत नाही, ज्याला अंधारात एकटं असण्याचं काही वाटत नाही. मी तसा नाही. माझं बरोबर होतं, आणि त्या बरोबरचं आता काय करायचं ते मला समजत नाही. तू समोर असतास तर आणखी दोन दिवस भांडलो असतो.

तिसऱ्या दिवशीच्या जियारतीला मी तुझ्या घरी गेलो. भाभी नवऱ्यामागच्या इद्दतीत बसल्यात, आता परक्या माणसासमोर यायचं नाही. इतकी वर्षं ज्यांनी स्वतःच्या हातानं चहाची बशी दिली, त्यांच्याशी पडद्याआडून बोलायचं म्हणजे मला कसंतरीच झालं. पडदा तूच शिवलेला, कुणाच्या तरी सोफ्याच्या उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाचा. त्याच्या खालून मला शिलाई मशीनचं पायडल तेवढं दिसत होतं.

"आलासा, विष्णूभाऊ? बसा."

मी बसलो.

"दुकानात टेबलावर त्यांनी खडूनं काढलेलं तसंच हाय. एका गिऱ्हाईकाची सीट द्यायची हाय. कापू का?"

मी म्हटलं, "कापा भाभी. ते दर वर्षी कापायचेच."

"आणि गाडी हुबी हाय. हुब्या गाडीचं टायर बसत्यात, म्हणायचे. तुम्ही न्या. सहलीला जावा घिऊन."

"बघतो."

पडद्याखालून गाडीची किल्ली पुढं आली. मी उठायच्या बेतात होतो.

"औंदा ते पुढं जाणार हुते न्हवं?"

मी परत खाली बसलो.

"तुमची बैठक झाली त्या रातच्याला जेवताना हसत हुते. मी इचारलं काय झालं. म्हणाले, इष्णू तयार झाला. शेवटी तो ऱ्हातो म्हणाला. औंदा मला गवा दिसणार. पोरींना गव्याचं मोजं सांगत बसले." पडद्याखालचं पायडल जरासं हललं. "खरं न्हवं?"

दस्तगीर, मी तयार झालो नव्हतो. तुला ते माहीत होतं, मला माहीत होतं, सर्जेरावाला माहीत होतं. मग तू घरी असं का सांगितलंस? मी किती तरी विचार केला. भाभींना बरं वाटावं म्हणून? पोरींसाठी? की तू मला ओळखून होतास? कारण पहिल्या वर्षापासून बघ, थंडीत ओढ्यात आंघोळ करायला मी नाही म्हणतो आणि मग सगळ्यांच्या आधी उतरतो. रानात मुक्काम करायला नाही म्हणतो आणि मग परत निघायला कुरकुरतो. तू माझं 'नाही' ऐकून घेऊन घरी 'हो' सांगितलंस. बहुतेक असंच असावं. विचारायला तू नाहीस.

मी म्हटलं, "व्हय भाभी. ठरलं हुतं तसं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मला उगं सांगितलं का काय."

मी म्हशीची किल्ली घेऊन बाहेर आलो. दारात उभा राहून मी स्वतःशीच म्हटलं, आता शब्द दिला. तुला जे दिलं नाही ते भाभींना देऊन बसलो. आता माघार नाही.

सहल रद्द करायची असं जवळजवळ सगळ्यांचं मत होतं. छापखान्यातच बैठक झाली, शाईच्या वासात. नाना म्हणाला, मन लागत न्हाय. सर्जेराव खाली मान घालून तंबाखू मळत होता. मी भाभींचं सांगितलं. तू घरी काय सांगितलं होतंस, आणि मी काय म्हणालो, ते सगळं. मग म्हटलं, "मी शेवटी ऱ्हातो. म्हैस घेऊन."

सर्जेरावानं वर बघितलं. "तुला जमंल?"

"माहीत न्हाय."

"बरं," तो म्हणाला, "तालमीला बघू."

सहलीच्या आधीच्या रविवारी आपली रंगीत तालीम असते, गारगोटीपर्यंत जायचं, मिसळ खायची आणि यायचं. काल ती झाली. मी शेवटी होतो.

म्हैस जड आहे रे. इतकी जड असेल असं तिच्या मागच्या सीटवर बसून कधी कळलं नव्हतं. पहिल्या मैलातच मी सवयीनं आरशाकडं बघितलं आणि तिथं आरसा नव्हता, हँडलला नुसता भोक पडलेला कान. परत एकदा बघितलं, परत तेच. मागं कुणी नाही, हे दर वेळी नव्यानं समजायचं. धूळ म्हणशील तर नाकातोंडात गेली, दातांखाली कचकचली. सगळ्यांची धूळ एकट्यानं खायची म्हणजे काय ते काल कळलं. मी दिवा लावला. सूर्य चांगला वर आला होता तरी लावला.

पण एक गोष्ट तू कधी सांगितली नाहीस. शेवटून सगळे दिसतात. नाना वळणावर नको तेवढा वाकतो, ते दिसलं. सर्जेरावाचा डावा खांदा दुखतोय आणि तो कुणाला सांगत नाही, ते दिसलं. कोण दमलंय, कोण उगाच जोर करतंय, कुणाच्या चाकात हवा कमी आहे. तुला हे सगळं दिसत असणार, प्रत्येक वर्षी, प्रत्येक वळणावर, आणि त्यात मीही असणार. मला काय करताना बघितलंस तू?

मुदाळ तिट्ट्याच्या आधी माझ्या गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. प्लगच होता. तू म्हणाला होतास तसाच. मी कडेला घेतली, काढला, फडक्यानं पुसला, बसवला. पुढच्या गाड्यांचे आवाज लांब जात होते. एकेक आवाज वळणाआड गेला. मी किक मारली आणि म्हैस चालू झाली.

तिट्ट्यावर आलो तर नाना उभा होता. गाडीला टेकून, मान पुढं काढून, मागच्या रस्त्यावर डोळे लावून. मी अजून लांब होतो, त्यानं मला ओळखायच्या आधी मला त्याचा चेहरा दिसला. घाबरलेला, लहान झालेला. मग म्हशीचा दिवा त्याला दिसला असावा. चेहरा एकदम सुटला आणि लगेच तो ओरडला, "आला का रं, का झोपला हुतास?"

हे माझं वाक्य. नाना माझ्या जागी होता ना.

म्हणजे तुला नऊ वर्षं, प्रत्येक फाट्यावर, माझा हा चेहरा दिसत होता. मला वाटायचं मी नुसता ओरडत होतो. ओरडण्याच्या आधीचं तू सगळं बघत होतास. म्हणून तू काही बोलत नव्हतास. मग मला तुझे आभार मानायचे राहिले, असं जे मी धरून बसलो होतो, ते तितकंसं खरं नसेल. तुला ते दर फाट्यावर पोचत असेल. मला असं वाटलं, आणि रस्त्याच्या मध्ये मला कळेना की हँडल कुठल्या हातानं धरलंय. मी डावा हात वर केला. नाना वळला आणि पुढं गेला.

गारगोटीला मिसळ खाताना सर्जेरावानं विचारलं, "मागचं मिटलं. मग पुढं कोण?"

नाना म्हणाला, "तूच की. दर वर्सी तूच असतोस."

"न्हाय," सर्जेराव म्हणाला. "मी दोन नंबर. त्यानं सांगितलंय तसं." तो पाव मोडत होता, वर बघत नव्हता. "फाटकाशी गाड्या बंद करायच्या. त्याला जाऊ द्यायचं. त्याची धूळ बसली की मग मी निघणार."

कुणी हसलं नाही. हॉटेलवाल्यानं विचारलं, पावणं, आणि रस्सा देऊ का? आम्ही घेतला. तो तिखट होता, आणि कितीतरी दिवसांनी मला तो तिखट लागला. नाना म्हणाला, तुझ्या डोळ्याला पाणी आलं. मी म्हटलं, रस्सा.

तेव्हा ठरलं. येत्या रविवारी पहाटे तुझ्या दुकानापासून निघायचं. फाटकाशी थांबायचं. भाभींनी सांगितलंय की काय दिसेल ते पोरींना येऊन सांगा. मला यंदा गवा दिसणार नाही, माझ्या वाट्याला शेण येईल. ताजं असलं तर पोरींना सांगेन, होता म्हणून.

तुला मात्र दिसेल. दिसला की गाडी बंद कर, हॉर्न वाजवू नकोस. पायातले मोजे नीट बघून घे. घाई करू नकोस, दस्तगीर. मी मागं आहे.